जुलैत पाऊस विचारू नका, वारा विचारा

हवामानाचं कुठलंही ॲप जुलै महिन्यात उघडा. रत्नागिरी: ढग, पाऊस, शक्यता नव्वद टक्के. उद्या नव्वद, परवा नव्वद, रविवारी पंच्याऐंशी. अंदाज चुकत नाही, पण त्याचा उपयोगही होत नाही. लावणीच्या दिवसांत पाऊस पडणार हे गोठ्यातल्या म्हशीलाही ठाऊक असतं. आपल्याला हवं असतं ते वेगळंच. आज वीस मिलिमीटर की दोनशे? किनाऱ्याला की घाटाच्या पायथ्याला? वहाळावरचा साकव संध्याकाळी ओलांडता येईल की मुलांना दुपारीच घरी आणायचं?

याचं उत्तर कोकणात ढगांपेक्षा वाऱ्यात सापडतं. ढग सगळीकडे सारखेच काळे दिसतात. वारा कुठून येतोय, किती जोरात आणि किती वेळ, यावरून पाऊस कुठल्या जातीचा ते कळतं. प्रत्येक जातीची खोड निराळी.

पंचांगात पावसाच्या नक्षत्रांना जी वाहनं देतात त्यांचं आधीच उरकून टाकतो. सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, नऊने भागायचं आणि बाकीवरून बेडूक, म्हैस, कोल्हा ठरवायचा. हे गणित देवगडला आणि बीडला एकच उत्तर देतं. त्यात वारा नाही, डोंगर नाही, समुद्रही नाही. नक्षत्रांचं कॅलेंडर मात्र टाकाऊ नाही. मृग ७-८ जूनला, आर्द्रा २१-२२ जूनला, मग तरणा म्हणजे पुनर्वसू आणि म्हातारा म्हणजे पुष्य. सरासरी पाऊस कधी चढतो आणि कधी उतरतो याची ती शेतकऱ्याने ठेवलेली नोंद आहे. सरासरी म्हणून वाचावी, अमुक दिवसाचा अंदाज म्हणून वाचू नये. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत पोचला, तेव्हा मृगाला अजून बारा दिवस होते. मुंबईत त्याच्या आगमनाची सर्वसाधारण तारीख ११ जून.

भिंत आणि झोत

पावसाळी वारा आपण नैऋत्येचा म्हणतो, पण आपल्या किनाऱ्यावर तो पुष्कळदा सरळ पश्चिमेचाच असतो. त्याचा मुख्य झोत सोमालियाच्या किनाऱ्यावरून अरबी समुद्रात शिरतो आणि जमिनीपासून साधारण दीड किलोमीटर उंचीवर सगळ्यात वेगवान असतो. सह्याद्रीचा माथा सरासरी हजार मीटरच्या आसपास. म्हणजे झोताचा ओलाचिंब खालचा भाग थेट भिंतीवर आदळतो. बाजूला सरकायला जागा नाही, मागून वारा ढकलतोच आहे, तेव्हा हवा वर चढते. चढताना थंड होते आणि पाणी सोडते.

किनाऱ्यावर हंगामात अडीच-तीन हजार मिलिमीटर पडतो, महाबळेश्वरला साडेपाच हजारांच्या आसपास, आंबोलीला सात हजारांच्या घरात. महाबळेश्वरहून पूर्वेला तीस किलोमीटरच्या आत असलेल्या वाईला मात्र हजारसुद्धा भरत नाहीत. म्हणून ‘रायगड जिल्ह्यात अतिवृष्टी’ हे वाक्य अर्धवट आहे. उरण आणि पोलादपूर एकाच जिल्ह्यात आहेत, एकाच रंगाच्या अलर्टखाली येतात, पण एक समुद्राला टेकलेलं आणि दुसरं घाटाला. वारा जोराचा आणि सलग पश्चिमेचा असेल तर तो रंग पोलादपूरने जास्त मनावर घ्यावा.

याच तत्त्वाचा पूर्ण अवतार बघायचा तर श्रीलंकेकडे बघा. मध्ये डोंगर, माथा पिदुरुतलागलाचा, २,५२४ मीटर, आणि चारही बाजूंना समुद्र. मे ते सप्टेंबर नैऋत्येचा वारा पश्चिम-दक्षिण उताराला भिजवतो, तेव्हा त्रिंकोमाली कोरडी असते. डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येचा वारा उलट्या बाजूला पाणी देतो. भाताचे हंगामही त्यावरच बांधलेले, यल आणि मह. तिथे ज्याला ‘कोरडा पट्टा’ म्हणतात त्याची मर्यादा वर्षाला १,७५० मिलिमीटर आहे, म्हणजे पुण्याच्या दुपटीहून जास्त. कोकण हे अशाच एखाद्या बेटाचा पश्चिमेकडचा अर्धा भाग समजा. आपल्याला एकच वारा पाणी देतो. चार महिन्यांत जे पडलं ते पडलं. ईशान्येचा वारा आपल्याकडे पोचतो तो दख्खनवरून सुकून.

एकाच आठवड्यात उघडीप आणि पूर

भिंत रोज तिथेच आहे, मग पाऊस रोज सारखा का नाही? कारण झोताचा जोर बदलतो, आणि तो बदलणाऱ्या गोष्टी बहुतेक कोकणाबाहेरच्या असतात.

पहिली, किनाऱ्यालगतचा कमी दाबाचा पट्टा. गुजरातच्या दक्षिण टोकापासून केरळपर्यंत समुद्रात किनाऱ्याला समांतर असा एक पट्टा तयार होतो. त्यात अधूनमधून लहान भोवरे पडतात. जिथे भोवरा, तिथे चार-सहा तास आभाळ फाटतं, आणि वीस-पंचवीस किलोमीटरवर नुसती रिपरिप असते. हा पाऊस थांबून थांबून येतो. मध्ये दहा मिनिटं ऊन पडलं म्हणून तो गेला असं समजू नये. वाराही सरीबरोबर एकदम उसळतो आणि सरीमागे पडतो.

दुसरी, बंगालचा उपसागर. तिथला कमी दाब ओडिशावर चढून मध्य भारताकडे सरकायला लागला की तो अरबी समुद्रावरचा वारा स्वतःकडे ओढतो. हवामान विभागाच्या निवेदनात ‘ओडिशा किनाऱ्याजवळ कमी दाबाचं क्षेत्र’ असं वाचलं की कोकणात बहुधा एक-दोन दिवसांनी वारा सलग पश्चिमेचा होतो आणि सरींमधली मोकळीक कमी होते. हा पाऊस घाटाचा. नद्यांना पूर आणणाराही बहुतेक हाच. उपसागराची बातमी आपली नाही म्हणून सोडून देणाऱ्यांना याचं नेहमी आश्चर्य वाटतं.

तिसरी, खंड. मोसमी पावसाचा मुख्य कमी दाबाचा पट्टा हिमालयाच्या पायथ्याला सरकला की तिकडे पूर येतात आणि इकडे वारा मरतो. श्रावणातलं ऊन-पाऊस ते हेच. खंड आठवड्यापेक्षा लांबला की कातळावरची भातखाचरं पहिल्यांदा तडकतात, कारण तिथे माती वीतभरच. २०२३ चा ऑगस्ट हा देशभरात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला.

एल निनोबद्दल एकच सांगतो. एल निनो आला म्हणजे कोकण कोरडं, असं सरळ गणित नाही. १९९७ चा एल निनो जबरदस्त होता आणि देशाचा पाऊस तरीही सरासरीइतका झाला, कारण त्या वर्षी हिंदी महासागराचा पश्चिम भाग पूर्वेपेक्षा जास्त तापलेला होता. कोकणात कमी पावसाच्या वर्षीही दोन हजार मिलिमीटर पडून जातात. इथली चिंता एकूण आकड्याची नसते, तो किती दिवसांत वाटला गेला याची असते.

मोजल्याशिवाय बोलू नये

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या केंद्रावर ९४४ मिलिमीटर नोंदला गेला. त्याच दिवशी कुलाब्याला ७४. एकाच शहरात, पंचवीसेक किलोमीटरच्या अंतराने. म्हणून तालुक्याच्या केंद्राचा आकडा तुमच्या वाडीचा असेलच असं नाही. तुमच्या वाडीचा पाऊस तुम्हीच मोजावा, आणि तो मोजायला दोनशे-तीनशे रुपयांच्या वर खर्च नाही.

पीव्हीसी पाइपचा १६० मिलिमीटरवाला तुकडा घ्या, वीतभर लांब. त्याच्या खालच्या तोंडात नरसाळं घट्ट बसवा आणि नळी दहा लिटरच्या कॅनमध्ये सोडा. नुसतं उथळ नरसाळं चालत नाही, कारण कोकणातला जाड थेंब त्यात आपटून बाहेर उडतो. उभी भिंत त्यासाठीच. वरची कड आतून उतरती घासून धारदार करा, म्हणजे कडेवरचा थेंब आत की बाहेर हा घोळ राहत नाही. मग आतला व्यास सेंटिमीटरमध्ये मोजा, त्याला त्यानेच गुणा, आलेल्याला ०.७८५ ने गुणा. हे झालं तोंडाचं क्षेत्रफळ. त्याचा दहावा भाग म्हणजे एक मिलिमीटर पावसाला जमणारं पाणी, मिलिलिटरमध्ये. आतला व्यास १५.२ असेल तर क्षेत्रफळ १८१ आणि एक मिलिमीटरला १८.१ मिलिलिटर. हवामान खात्याच्या मापकाचं तोंड २०० चौरस सेंटिमीटरचं असतं, तिथे वीस मिलिलिटरला एक. सकाळी औषधाच्या मापाने किंवा शंभर मिलिलिटरच्या नळीने पाणी मोजा आणि भागा.

दहा लिटरचा कॅन कशाला? कारण पाच लिटरचा पावणेतीनशे मिलिमीटरला भरतो, आणि नेमक्या ज्या रात्रीचा आकडा हवा असतो त्याच रात्री तो वाहून जातो. कोकणातल्या घरगुती नोंदींमध्ये सगळ्यात जास्त आढळणारी चूक हीच. दुसरी चूक बादलीची. रंगाची बादली वर रुंद आणि खाली निमुळती असते, तिच्यात पट्टी बुडवून उंची वाचली की पाऊस फुगून दिसतो. तिसरी चूक जागेची. मापक गच्चीवर ठेवला की वारा कठड्यावरून वर उसळतो आणि थेंब पलीकडे नेतो. माडाखाली ठेवला की झावळीची पन्हळ होते आणि दुप्पट भरतो. खळ्यात ठेवलात तर तोंड जमिनीपासून तीस सेंटिमीटर वर घ्या, नाहीतर चिऱ्यावरचे शिंतोडे आत येतात. जवळच्या झाडाच्या किंवा घराच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतर सोडा. कोकणात अशी जागा बहुधा शेताच्या बांधावरच मिळते. नरसाळ्यात जाळी हवीच, फणसाचं एक पान पुरतं बूच व्हायला.

वेळ सकाळी साडेआठची. हवामान विभागाचा दिवस साडेआठला संपतो आणि आकडा त्या सकाळच्या तारखेला लागतो. २२ तारखेला दिवसभर आणि रात्रभर पडलेला पाऊस २३ च्या खात्यात दिसतो, आणि मग चहाच्या टपरीवर ‘सरकारी आकडे चुकीचे’ अशी चर्चा होते.

आकडा हातात आला की शब्द नीट वापरता येतात. २४ तासांत ६४.५ पासून ११५.५ मिलिमीटरपर्यंत ‘मुसळधार’, ११५.६ ते २०४.४ ‘अति मुसळधार’, त्याच्या वर ‘अत्यंत मुसळधार’. ढगफुटी हा शब्द बातम्यांत दर आठवड्याला येतो. हवामानशास्त्राच्या हिशोबाने लहानशा क्षेत्रात तासाला शंभर मिलिमीटर पडले तरच ढगफुटी. तुमच्या कॅनमध्ये तासाभरात शंभर मिलिमीटर जमले तर तो शब्द वापरा. एरवी ‘झोडपलं’ पुरेसं आहे.

एका गुंठ्यावर, म्हणजे १०१ चौरस मीटरवर, एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०१ लिटर पाणी. हंगामाचे तीन हजार मिलिमीटर धरले तर गुंठ्याला तीन लाख लिटर. आणि त्याच गुंठ्यावर एप्रिलमध्ये टँकर. जांभा पाणी पितो, पण धरत नाही. खाली उतार, आणि घाटमाथ्यापासून खाडी सरासरी पन्नास किलोमीटरवर.

तिथी, पाऊणकी आणि पूर

हे पन्नास किलोमीटरच पुराचं मूळ आहे. गोदावरीचा पूर दिवसांत मोजतात, वाशिष्ठी, सावित्री, जगबुडीचा तासांत. घाटात पहाटे पडलेलं पाणी सकाळी बाजारपेठेत. उतरताना त्याला एकच अडथळा असतो, समोरून येणारी भरती.

भरतीची वेळ काढायला मोबाइल लागत नाही, पाऊणकी आली पाहिजे. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बारा. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, पण सावध व्हायला पुरतो. २६ जुलै २००५ ला पौर्णिमा होऊन पाच दिवस झाले होते. पाच पाऊण पावणेचार. त्या दिवशी मुंबईत भरती होती चारच्या सुमाराला, ऐन पावसाच्या तडाख्यात.

उधाण सगळ्यात मोठं पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या दिवशीच येतं असं नाही, ते एक-दोन दिवस मागून येतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा पाणी कमी चढतं. मुंबईला मोठ्या उधाणात भरतीची उंची साडेचार मीटरच्या वर जाते, दक्षिणेकडे हा चढउतार कमी होत जातो आणि मालवण-वेंगुर्ल्याला निम्म्यावर येतो. खाडीच्या तोंडाशी ओहोटी लागली तरी आत पाणी चढतच असतं, हे विसरू नका. किनाऱ्यावरच्या वेळेवर विसंबून आतल्या गावाने सुटकेचा श्वास टाकला की फसगत होते.

२२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा हे सगळं एकावर एक आलं होतं. घाटात वारा सलग पश्चिमेचा, महाबळेश्वरला चोवीस तासांत सहाशेच्या जवळ मिलिमीटर, पौर्णिमा दोन दिवसांवर, आणि कोयनेच्या वीजगृहातून येणारं पाणीही वाशिष्ठीतच. त्याच दिवशी महाड तालुक्यात तळियेवर दरड आली. अशा वेळी नदीच्या पाण्यापेक्षा डोंगराकडे बघणं जास्त गरजेचं. झऱ्याचं स्वच्छ पाणी अचानक गढूळ झालं, वाहता झरा एकदम बंद पडला, घराच्या मागच्या उतारावर नवी भेग दिसली, विजेचा खांब किंवा झाड खाली कललं, यातलं एकही दिसलं तर पाऊस कमी व्हायची वाट बघू नये. दरडी बऱ्याचदा पाऊस ओसरतानाच येतात, कारण माती तोपर्यंत आतून भरलेली असते.

वारा घाटाकडून आला तर

जून ते सप्टेंबर जोराचा वारा समुद्राकडूनच यायचा. मे अखेरीला, जूनच्या पहिल्या आठवड्यात किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबरात तो पूर्वेकडून, घाटाकडून जोर धरायला लागला आणि समुद्राला लांब लांब लाटा यायला लागल्या, तर कान टवकारा. जुलै-ऑगस्टमध्ये अरबी समुद्रात चक्रीवादळं सहसा होत नाहीत, कारण वरचे आणि खालचे वारे एकमेकांच्या विरुद्ध जोरात वाहतात आणि वादळाचा खांब उभाच राहू देत नाहीत. वादळं आली ती या कडेच्या महिन्यांतच: फयान नोव्हेंबर २००९, निसर्ग ३ जून २०२०, तौक्ते मे २०२१.

वाऱ्याला पाठ देऊन उभे राहा आणि डावा हात बाजूला आडवा करा. वादळाचा मध्य साधारण त्या हाताच्या दिशेला. तौक्तेसारखं वादळ किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे जाताना वारा असा फिरतो: आधी पूर्वेचा, म्हणजे मध्य दक्षिणेला आहे. मग आग्नेयेचा, मग दक्षिणेचा, म्हणजे मध्य तुमच्या पश्चिमेला, समुद्रात. मग नैऋत्येचा झाला की ते पुढे सरकलं. वारा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतोय म्हणजे तुम्ही वादळाच्या वाटेच्या उजव्या अंगाला आहात, आणि उजवं अंग जास्त मारकं. उलटा फिरतोय तर डाव्या अंगाला. दिशा न बदलता जोर नुसता वाढतच चालला तर वादळ तुमच्याच गावावर येतंय. मध्यभाग डोक्यावर आला की वारा एकदम पडतो. तेव्हा कौलं बघायला बाहेर जाऊ नये, थोड्या वेळाने तो बरोबर उलट्या दिशेने येतो.

फोनमधला वायुभारमापकही कामाचा आहे, फक्त तो वाचता यायला हवा. आपल्या अक्षांशांत हवेचा दाब रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी दहा आणि रात्री दहाला वर, पहाटे चार आणि दुपारी चारला खाली. सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंत तीन हेक्टापास्कल उतरले तर काहीही झालेलं नाही. तुलना नेहमी कालच्या त्याच वेळेशी करा. कालच्या दहापेक्षा आजचे दहा पाचाने खाली असतील, तर मात्र बातम्या लावा. घर सड्यावर, म्हणजे उंच कातळी पठारावर, असेल तर आकडा मुळातच कमी दिसणार. साधारण साडेआठ मीटर उंचीला एक हेक्टापास्कल, म्हणजे शंभर मीटरवरच्या घरात समुद्रसपाटीपेक्षा बारा कमी.

बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की व्हॉट्सॲपवर वादळ सुरू होतं. तीन नंबर म्हणजे बंदराला जोराच्या वाऱ्याचा इशारा. तो पावसाळ्यात पुष्कळदा लागतो. पाच ते सात धोक्याचे, आठ ते दहा मोठ्या धोक्याचे, आणि अकरा लागला याचा अर्थ हवामान केंद्राशी संपर्कच तुटला. यांत्रिकी नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते, त्यामुळे पावसाळ्यातल्या बावट्यापेक्षा मे आणि ऑक्टोबरमधल्या बावट्याला मच्छीमार जास्त मान देतात, आणि ते बरोबर आहे.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. म्हणून ताशी साठच्या वाऱ्याला टिकलेला पत्रा एकशेवीसला टिकेल असा भरवसा धरू नये. निसर्गमध्ये वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता आणि श्रीवर्धन-दिवेआगरच्या माड-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. घराचं म्हणाल तर पहिली उडते ती पडवी. तीन बाजूंनी उघडी असल्यामुळे वारा खालून शिरतो आणि पत्रा वर उचलतो. आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या, तयारीत कौलं शाकारताना पडवीच्या पत्र्याचे बोल्टही तपासा. कडेच्या ओळीत ते दाट हवेत. गंजलेली वायसर दिसली की तो बोल्ट निकामी समजा, खारी हवा ती तीन-चार वर्षांत खाते.

गडगडाट आणि मोहोर

ऐन पावसाळ्यात कोकणात वीज फारशी कडकडत नाही. ढग बुटके असतात, पाणी पुष्कळ पण उंची कमी. मुंबई किंवा पणजीच्या रडारचं चित्र मधल्या गावांना फसवतं ते यामुळेच. दीडशे-दोनशे किलोमीटरवर रडारचा किरण तीन किलोमीटर किंवा त्याहून उंचावरून जातो, आणि बराचसा पाऊस त्याच्या खालीच पडून जातो. पडद्यावर हिरवा ठिपका, अंगणात पाट. सप्टेंबरच्या अखेरीस दुपारनंतर पूर्वेकडून, घाटावरून गडगडत ढग यायला लागले की वारा बदलला. हस्ताचा पाऊस तो हाच. त्या दुपारी भात कापायला खाचरात उतरलेल्या माणसांनी पहिल्या गडगडाटाला शेत सोडावं. ‘दामिनी’ ॲप जवळच्या विजांची सूचना देतं, ते त्या दिवसांपुरतं तरी फोनमध्ये असू द्या.

यानंतर हापूसवाल्यांचा वारा सुरू होतो. रात्री जमिनीवरची थंड हवा नदीच्या खोऱ्यांतून समुद्राकडे उतरते, तो मतलई. दुपारी समुद्राकडून खारा वारा. पाऊस संपून जमीन सुकली आणि रात्री गार होत गेल्या की मोहोर येतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात अवकाळी झाला की कलमं पालवी काढतात आणि मोहोर महिनाभर पुढे जातो. ढगाळ हवा राहिली की रात्री उबदार होतात आणि तुडतुडे वाढतात. थंडी फार लांबली तरी पंचाईत, कारण फळं धरलेल्या फांदीवरच पुन्हा मोहोर येतो आणि आधीची कैरी गळते.

मार्चमध्ये सगळा खेळ खारा वारा किती वाजता येतो याचा. एरवी तो सकाळी दहा-अकराला सुरू होतो आणि पारा बत्तीस-तेहतिसाच्या वर जाऊ देत नाही. पण दख्खनवरचा पूर्वेचा वारा जोरात असला की तो समुद्रवाऱ्याला दुपारपर्यंत किनाऱ्याबाहेर रोखून धरतो. शिवाय घाट उतरताना हवा दाबली जाऊन शंभर मीटरला जवळजवळ एक अंश तापते. सहाशे मीटरवर ३४ असलेली हवा खाली पोचते ती ४० होऊन, आणि ठणठणीत कोरडी. मुंबईचा मार्च महिन्यातला विक्रम ४१.७ अंशांचा आहे, २८ मार्च १९५६ चा. किनारपट्टीला उष्णतेची लाट जाहीर करायला पारा निदान ३७ आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश वर लागतो. सुपारीएवढी कैरी मात्र जाहीर व्हायची वाट बघत नाही, दोन दिवसांत गळते.

तेव्हा मार्चच्या सकाळी माडाच्या झावळ्यांकडे बघा. अकराच्या सुमाराला त्या पूर्वेकडे झुकायला लागल्या तर खारा वारा आला, फवारणी ठरल्यासारखी उद्या पहाटे करा. बारा वाजले आणि झावळ्या अजून समुद्राकडेच ओढलेल्या असतील, तर फवारणी पुढे ढकला, आळ्यात गवताचं आच्छादन जाड करा आणि ऊन उतरल्यावर कलमाला दीडशे-दोनशे लिटर पाणी द्या.